फुकटचा कोर्स आणि वावरातला पोरगा



यंदा गावोगावच्या बैठकांना फिरताना एक नवीन उत्तर वारंवार कानावर आले. पूर्वी कोणाच्या घरी गेले आणि "पोरगा काय करतो?" असे विचारले की तीनपैकी एक उत्तर ठरलेले असे. शेती करतो, सुरतला असतो, नाहीतर भरतीची तयारी करतो. आता चौथे उत्तर आले आहे, "कोर्स करी ऱ्हायना." कसला कोर्स? "मोबाईलवर. फुकट शे." पोरगा ओट्यावर बसलेला असतो, कानात वायर, मांडीवर फोन. बाप काही बोलत नाही. आपल्याकडे नुसता बघतो, आणि त्या बघण्यात प्रश्न असतो की भाऊ, ह्याचे काही होईल का?

फैजपूरच्या बैठकीत अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याने हा प्रश्न उभे राहून सरळ विचारला. सहा एकर जिरायत. चार एकरात कापूस, दोन एकरात दादर. मुलगा बारावी झालेला, वय पंचवीस. मुलगी पाहायला गेले की समोरून पहिला प्रश्न येतो, जमीन बागायत की जिरायत? दुसरा येतो, मुलगा नोकरीला कुठे? दोन्हींची उत्तरे देऊन बाप थकलेला. मुलाने फोनवर कॉम्प्युटरचा कसला तरी कोर्स धरला आहे आणि तो म्हणतो, वर्षभर मला शेतात बोलावू नका, मी लाइन बदलतो. बापाने आम्हाला विचारले, "मी त्याले वावरमाईन मोकया करू का? कोर्स फुकट शे, पन सालदार काही फुकट नही."

आखाजीला सालदार ठरवायचा म्हणजे आज लाखाच्या वरची बोली आहे. सहा एकर जिरायतीत तेवढे सुटतात का, हे ज्याचे त्याला ठाऊक. त्या दिवशी आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. घरी येताना ते आम्हालाच खटकले. ज्याच्या घरात वर्षाचा हिशेब अडला आहे त्याला "शिक्षण महत्त्वाचे आहे" असे सांगणे म्हणजे तहानलेल्याला पाणी महत्त्वाचे आहे असे सांगणे. म्हणून नंतर चार ठिकाणी विचारले, मिळेल ते वाचले, आणि आता हे सविस्तर लिहीत आहोत.

बियाण्याचा हिशेब

हे फुकटचे कोर्स आले कुठून? २०११ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन शिक्षकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट उघडा केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे घातली. शेवटपर्यंत पोचले सुमारे २३ हजार. तरीही गाजावाजा असा झाला की आता कॉलेजे ओस पडणार, गरिबाचे पोर घरबसल्या इंजिनिअर होणार. २०१२ साली कोर्सेरा, एडएक्स अशी दुकाने उघडली. आपल्याकडे आयआयटींनी २००३ सालीच एनपीटीईएल नावाने आपली व्याख्याने इंटरनेटवर घालायला सुरुवात केली होती. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारने 'स्वयम्' सुरू केले. तिथे शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर फी भरावी लागते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. हे चांगलेच आहे. घरी बसून दिलेल्या परीक्षेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

आता उगवण किती झाली ते बघा. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या दोन नामांकित संस्थांच्या कोर्सांचा २०१२ ते २०१८ या काळातला हिशेब २०१९ साली 'सायन्स' या साप्ताहिकात छापून आला. ५६ लाखांवर माणसे, सव्वा कोटीवर नोंदण्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, शंभरात ५२ जणांनी, नाव घातल्यावर कोर्स एकदाही उघडला नाही. २०१७-१८ साली कोर्स पुरा करणारे शंभरात तीन.

कापसाची पिशवी फोडून शंभर दाणे टोकले, ५२ उगवलेच नाहीत आणि बोंडापर्यंत तीन झाडे गेली, तर आपण काय करू? तालुका कृषी अधिकाऱ्याला बोलावू, पंचनामा करू, दुकानदाराच्या दारात बसू. इथे पंचनामा कोणी करत नाही, कारण पिशवी फुकट होती.

पण आम्ही शेतकरी आहोत, हिशेबात खोट करणार नाही. ही उपमा पूर्ण लागू पडत नाही. बाजारात फिरायला गेलेला प्रत्येक माणूस गिऱ्हाईक नसतो. फुकट आहे म्हणून पुष्कळ लोक नाव घालून ठेवतात, नंतर विसरतात. ते नापास झाले असे म्हणता येत नाही. त्याच हिशेबातली दुसरी ओळ जास्त कामाची आहे. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले, त्यांच्यातले शंभरात ४६ जण शेवटपर्यंत गेले. तोच कोर्स, तेच मास्तर, तोच व्हिडिओ. एकीकडे तीन, दुसरीकडे ४६. पैसे भरले म्हणून ते शिकले, की शिकायचेच होते म्हणून पैसे भरले? आम्हाला दुसरे खरे वाटते. ज्याला पुढे काय करायचे ते माहीत होते, तो टिकला. नुसते काहीतरी करायचे म्हणून बसलेला उठून गेला.

आणखी एक हिशेब सांगतो. २०१५ साली कोर्सेरा कंपनीच्या आणि काही विद्यापीठांच्या संशोधकांनी कोर्स पुरा केलेल्या सुमारे ५२ हजार लोकांना फायदा विचारला. नोकरी-धंद्यासाठी शिकलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी सांगितले की हातात पडेल असा फायदा झाला, म्हणजे पगार वाढला, नवी नोकरी लागली किंवा धंदा सुरू केला. आकडा वाईट नाही. पण विचारले कोणाला? ज्यांचा माल बाजारापर्यंत पोचला त्यांनाच भाव विचारला. ज्यांचे शेतातच वाळले त्यांची त्यात गणती नाही.

फुकट म्हणजे किती रुपये

आता बापाच्या प्रश्नाकडे येऊ. सालदार लावायचा का?

एनपीटीईएलचा कोर्स चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा असतो. आठवड्याला अडीच-तीन तास बघण्याचे. समजून घ्यायला आणि दिलेले प्रश्न सोडवायला तेवढेच पुन्हा धरा. म्हणजे आठवड्याला पाच-सहा तास. एका कोर्ससाठी यापेक्षा जास्त लागत नाही, आणि एका वेळी एकच कोर्स नीट होतो. सहा तासांसाठी आठवडाभर ओट्यावर बसणारा पोरगा कोर्स करत नाही, ओटा करतो. त्याला शेतातून मोकळे करण्याची काही गरज नाही. रात्रीची वीज आली की मोटर चालू करायला आपण उठतोच, तेवढी झोप त्याने मोडावी.

पण दुसरी अडचण खरी आहे, आणि ती दिल्लीत बसून आखणी करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. या कोर्सांची दोन सत्रे असतात. एक जुलै ते ऑक्टोबर, दुसरे जानेवारी ते एप्रिल. जुलैत आपल्याकडे निंदणी-कोळपणी आणि खत. ऑगस्ट-सप्टेंबरात फवारण्या. सत्र संपून परीक्षा येते तेव्हा कापूस फुटलेला, वेचणीला मजूर मिळत नाही, घरातले लहान पोरसुद्धा सरीत. जुलैच्या सत्रात नाव घालणारा जिरायत शेतकऱ्याचा मुलगा मध्येच गळणार हे आषाढातच सांगता येते. त्याने जानेवारी धरावा. पऱ्हाटी उपटून झालेली असते, दादर काढणीला आली तरी ते काम मोजक्या दिवसांचे. बागायतवाल्याला बारा महिने पाणी भरायचे असते, त्याला ही सोय नाही. कोरडवाहूचा एवढा एक फायदा आहे, तो घ्यावा.

तिसरी गोष्ट फोनची. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभर घरांत साडेचार घरांतही कॉम्प्युटर नव्हता, इंटरनेटची सोय होती पंधरा घरांत. त्यानंतर फोन घरोघर आले, कॉम्प्युटर काही आला नाही. फोनवर व्याख्यान ऐकता येते. हिशेबाची पाने भरणे, प्रोग्राम लिहिणे, नकाशा काढणे फोनवर जमत नाही. ट्रॅक्टर शिकायचा आणि हातात बैलाचा कासरा, अशी ती गत आहे. कॉम्प्युटर घ्यायचा तर कापूस भाव बघून विकण्याऐवजी दिवाळीआधीच खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर घालावा लागतो. तेव्हा फुकटच्या कोर्सची खरी किंमत त्या काट्यावर कळते.

भाषेचे तर बोलायलाच नको. काही कोर्सांची मराठी भाषांतरे झाली आहेत, पण बहुतेक माल इंग्रजीतच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला विषय कळायच्या आधी वाक्य लावावे लागते.

सुरतची शाळा

भुसावळहून सुरतला जाणारी तापी खोऱ्याची रेल्वे १९०० साली पुरी झाली. तेव्हापासून खानदेशी माणसाची लाइन बदलण्याची शाळा त्या गाडीत भरते. उधना, लिंबायत, पांडेसरा इथे जाऊन बघा. गल्लीच्या गल्ली अहिराणी बोलते. ज्याने आयुष्यात कापूस वेचला, तो यंत्रमागावर कापड काढायला कसा शिकला? त्याला कोणी व्हिडिओ दाखवला नाही. मामा आधी गेला होता. मामाने खोलीत झोपायला जागा दिली, पहिला पगार होईपर्यंत भाकर दिली, मालकाला सांगितले की हा आपला माणूस आहे, आणि धागा तुटला की कसा जोडायचा ते हात धरून दाखवले. महिना-दोन महिन्यांत पोरगा कारागीर झाला.

धंदा बदलायला ह्या गोष्टी लागतात, आणि फोनवरचा कोर्स त्यांतली फार तर शेवटची अर्धी देतो. धागा कसा जोडतात ते तो दाखवील. तुमचा धागा चुकीचा जोडला गेला हे त्याला दिसणार नाही. खोली तो देत नाही, मालकाला शब्द तर नाहीच देत. आपल्याकडे कोर्स करून बसलेली जी मुले आम्हाला भेटली, त्यांचे घोडे बहुतेक इथेच अडलेले होते. माहिती होती, पण काम बघून "उद्यापासून ये" म्हणणारा कोणी ओळखीचा नव्हता.

पण मामाच्या शाळेचेही गोडवे गाण्यात अर्थ नाही. मामा ज्या गल्लीत आहे त्याच गल्लीत ती शाळा नेते. मामा मागावर, म्हणून भाचा मागावर, म्हणून भाच्याचा पोरगाही मागावर. ज्याला मामा नाही तो कायम सालदार. आणि बायांना तर ही शाळा कधी उघडलीच नाही. तालुक्याला क्लास लावायचा म्हटले की एसटी, पोरे, सासू आणि चार लोकांची तोंडे, एवढे ओलांडावे लागते. जेवणे उरकल्यावर चुलीपाशी बसून फोनवर दोन तास शिकणारी सून आम्ही एका गावात पाहिली. गावातल्या बचत गटाचे हिशेब ती आधीपासून लिहीत होती. कॉम्प्युटरवरचा हिशेब तिने फोनवर बघितला आणि ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर हात बसवला. आज पंचक्रोशीतल्या आणखी काही गटांचे लिहिण्याचे काम तिच्याकडे येते, आणि त्याचे तिला पैसे मिळतात. तिच्यासाठी तो कोर्स म्हणजे घरी आलेला मामा.

तिच्यात आणि ओट्यावरच्या पोरात फरक अकलेचा नाही. तिचा एक पाय त्या कामात आधीच होता. काय येत नाही ते तिला नेमके ठाऊक होते, तेवढेच ती शिकली, आणि शिकलेले दुसऱ्या दिवशी वापरले. अमेरिकेतल्या त्या ४६ आणि तीनच्या फरकाचे उत्तर आम्हाला या बाईच्या वहीत सापडले.

कागद कोण मोजतो

मुलगा विचारतो, प्रमाणपत्र तर मिळते ना? मिळते. पण प्रमाणपत्राला किंमत ते मोजणाऱ्याने येते. महाराष्ट्रात २००१ नंतर गावोगाव एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले. आपल्या लाखो मुलांनी फी भरून तो कोर्स केला. तो का चालला? सरकारी भरतीच्या नियमांत तो मागितला जाऊ लागला म्हणून. ज्याला सरकारी नोकरी लागली त्याचा कागद कामाला आला. ज्याला नाही लागली त्याचा पेटीत आहे, सातबाऱ्याच्या खाली.

स्वयम्‌चे तसेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली नियम केला की कॉलेजातल्या विद्यार्थ्याला एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून पुरे करता येतील आणि कॉलेजने ते गुण धरावेत. म्हणजे जो आधीच कॉलेजात आहे त्याचा कागद मोजला जातो. बारावीनंतर सात वर्षे वावरात काढलेल्या मुलाचा कागद मोजायला त्याच्यापाशी कॉलेजच नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यालाच पाइप द्यायचा, हे आपल्याला ओळखीचे आहे.

त्या मानाने १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले त्यात शहाणपण होते. पुस्तके मराठीत, जवळच्या कॉलेजात अभ्यास केंद्र, सुट्टीच्या दिवशी समोर बसणारा शिक्षक, आणि शेवटी पदवी. आजच्या फोनवरच्या कोर्सांपेक्षा ते दिसायला जुनाट, पण समोर माणूस होता आणि कागद मोजला जात होता.

ज्या फैजपुरात ही बैठक झाली त्या गावचेच बघा. मधुकर साखर कारखाना बंद पडला. थकलेल्या कर्जापोटी जिल्हा बँकेने तो ताब्यात घेतला आणि २०२२ साली विकला. आमच्यासाठी इथे प्रश्न वेगळा आहे. अशा बंद कारखान्यातला पन्नाशीचा बॉयलर अटेंडंट कुठला कोर्स करील? बॉयलरच्या आवाजावरून आत काय चालले आहे हे सांगणारा माणूस. त्याची परीक्षासुद्धा कायद्याने प्रत्यक्ष बॉयलरवर काम केलेल्यालाच देता येते, घरी बसून बघितलेल्याला नाही. सरकारला हे बॉयलरच्या बाबतीत कळते. इतर बाबतीत मात्र तेच सरकार म्हणते, पोर्टल उघडून दिले आहे, शिका.

याच फैजपुरात १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले होते आणि गांधीजींच्या आग्रहाने तिथे ग्रामोद्योगाचे प्रदर्शन होते. पुढच्याच वर्षी वर्ध्याला त्यांनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली. ती सरकारी शाळांत टिकली नाही आणि तिच्यातले सगळेच आम्हाला पटते असेही नाही. पण हाताला काम लागल्याशिवाय शिकलेले पक्के होत नाही, एवढे तरी त्या म्हाताऱ्याचे खरे होते.

हमीवाले

फुकट या शब्दाचा आणखी एक धंदा चालू आहे. आमच्याच एका कार्यकर्त्याच्या घरात तो झाला, म्हणून सांगतो. मुलाने फोनवर तीन दिवसांचा फुकट वर्ग बघितला. चौथ्या दिवशी फोन आला की तुमची निवड झाली, पुढचा कोर्स केला की नोकरीची हमी, पैसे आत्ता नकोत, हप्त्याने द्या. कागदांवर फोनवरच सह्या झाल्या. मुलाला वाटले की फी हप्त्याने आहे. प्रत्यक्षात त्याच्या नावे कर्ज निघाले होते. नोकरी लागली नाही, हप्ते लागले. वसुलीचे फोन बापाला येऊ लागले तेव्हा घरात कळले. कंपनीचे नाव आम्ही छापत नाही. आज एक छापले तर उद्या तीच माणसे दुसऱ्या नावाने येतील. पोरांना एवढेच सांगून ठेवा की सरकारच्या स्वयम्‌वरून निवड झाल्याचा आणि हमीच्या नोकरीचा फोन कोणाला येत नाही. हमी म्हटले की हमीभाव आठवावा. सरकारने जाहीर केलेली हमीसुद्धा बाजारात आपल्या हाती कितपत पडते हे आपण दर हंगामात बघतो. मग अनोळखी माणसाने फोनवर दिलेली हमी किती धरायची?

मग पोराने करायचे काय

कोरडवाहू घर एकट्या शेतीवर चालत नाही, हे आता सरकारच्या आकड्यांतही आले आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरी आणि नोकरीचे ४,०६३, पिकाचे ३,७९८. म्हणजे शेतकरी म्हणवणाऱ्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त. लाइन तर केव्हाच बदलली आहे, फक्त खालच्या बाजूला बदलली आहे. तेव्हा पोरगा दुसरे काही करू म्हणतो यात त्याचे काही चुकत नाही. त्याला अडवणारा बाप आम्हाला मान्य नाही.

आमचे म्हणणे एवढेच की उडी कुठून मारायची ते आधी बघावे. सहा एकर जिरायतीतून एकदम पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीत, ही उडी फोनवरच्या कोर्सने मारणारा हजारात एखादा असेल. तो एखादा आपल्या घरात असेल तर तो आपल्याला विचारत बसणार नाही, त्याचे काम दिसेलच. बाकीच्यांनी जवळची कामे बघावीत. जिनिंगमध्ये हंगामात जातोस ना, मग तिथला हिशेब, तिथली मोटर, तिथल्या गाठीची प्रत हे बघ. गावात सौर पंप लागले आहेत. बसवल्यापासून पाच वर्षे दुरुस्ती कंपनीने करायची अशी अट आहे, म्हणजे कंपनीला तालुक्यात हात चालवणारा माणूस लागतो. पॅनेल म्हणजे काय, कंट्रोलर म्हणजे काय, विजेचा दाब कसा मोजायचा हे फोनवर फुकट आणि चांगले शिकता येते. पण त्यानंतर कोणाच्या तरी मागे पाना घेऊन पंपावर उभे राहावे लागेल. केंद्र सरकारने २०१५ पासून सूर्यमित्र नावाचे सौर कारागिरांचे प्रशिक्षण चालवले, ते ६०० तासांचे ठेवले होते आणि राहून शिकण्याचे. सरकारलाही कळत होते की हे व्हिडिओने होत नाही.

आणि फुकटच शिकायचे तर फोनबाहेरही फुकट आहे, त्याची जाहिरात होत नाही एवढेच. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आरसेटी म्हणतात. १९८२ साली कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे इथे या कल्पनेची पहिली संस्था निघाली, पुढे ती देशभर नेली. मोटर रिवाइंडिंग, शिवणकाम, शेळीपालन, फोनदुरुस्ती असे काही आठवड्यांचे वर्ग असतात. राहणे-जेवण फुकट, आणि शिकून गेल्यावर दोन वर्षे तुमच्या मागे लागून विचारायचे की धंदा काढला का, बँकेने कर्ज दिले का, असा नियम आहे. नियम सगळीकडे पाळतात असे आम्ही म्हणणार नाही. पण व्हिडिओ तुम्हाला दोन वर्षांनी हाक मारत नाही. रावेर तालुक्यात पालला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही शेतीच्या जोडधंद्यांचे वर्ग होतात. जाऊन विचारायला एसटीचे तिकीट लागते, तेवढेच.

त्या अमळनेरच्या शेतकऱ्याला आम्ही मागच्या आठवड्यात निरोप दिला. सालदार लावू नका. पोराचा फोनही हिसकावू नका. जुलैच्या सत्रात नाव घातले असेल तर सोडून देऊ द्या, जानेवारीत एकच कोर्स घेऊ द्या, आणि परीक्षेची फी त्याला स्वतःच्या मजुरीतून भरू द्या. तोपर्यंत हंगामात जिनिंगवर रोज जाऊ द्या. कोर्स कसला घ्यायचा ते तिथल्या मुनीमजींना विचारून ठरवा, पोर्टलवरची यादी बघून नको. त्यावर त्याचा उलट निरोप आला की पोरगा रुसला आहे, पण जिनिंगवर जातो. कोर्सचे बघू म्हणतो.

ज्या घरात कोणी असा कोर्स शेवटपर्यंत पुरा केला असेल त्यांनी पुढच्या जिल्हा बैठकीत जेवणाच्या सुट्टीत आम्हाला गाठावे, किंवा पोस्टकार्ड टाकावे. कोर्स कोणता, किती आठवडे लागले, खर्च किती झाला, आणि त्यानंतर हातात काय पडले, हे लिहावे. काही पडले नसेल तर तेही लिहावे. नाव छापणार नाही. मायबहिणींनी जरूर लिहावे. पुढच्या अंकात तो हिशेब जसाच्या तसा देऊ.